जन्मगावाचा हुंडा

मुलगी पाहावयास गेलेली मंडळी पूर्वी तिचे शिक्षण विचारीत, घराणे विचारीत, स्वयंपाक येतो काय हे विचारीत. गेल्या काही वर्षांत आमच्या मावळातील काही ख्रिस्ती घरांतून एक नवाच प्रश्न ऐकू येऊ लागला आहे : 'हिचा जन्म कुठला?' मुलगी कुवेत, बहारीन किंवा नैरोबी येथे जन्मलेली निघाली की बोलणी झपाट्याने पुढे सरकतात. या प्रश्नामागचे गणित श्रद्धावंतांपुढे मांडावे आणि त्याविरुद्ध स्पष्ट बोलावे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेने १९९० च्या कायद्यान्वये सोडतीने स्थलांतराचे व्हिसा देण्याची योजना आखली व १९९५ च्या आर्थिक वर्षापासून ती कायम स्वरूपात सुरू झाली. ज्या देशांतून आधीच्या पाच वर्षांत ५० हजारांहून अधिक लोक तेथे जाऊन स्थायिक झाले, त्या देशांत जन्मलेल्यांना या सोडतीत भाग घेता येत नसे. भारत त्यांपैकी एक. मात्र पाहिले जाई ते जन्मस्थान, नागरिकत्व नव्हे. शिवाय जोडीदार पात्र देशात जन्मलेला असेल, तर त्याच्या जन्मदेशाच्या आधारे भारतात जन्मलेल्यालाही अर्ज करता येई. अट इतकीच की, दोघांची नावे अर्जात असावीत, दोघांनाही व्हिसा मिळावा आणि दोघांनी एकत्र प्रवेश करावा.

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने ही सोडत थांबविण्याचे जाहीर केले. परंतु त्यामुळे प्रश्न मिटला, असे कोणी समजू नये. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मागणाऱ्यांच्या रांगेतही देशवार मर्यादा आहे. भारतात जन्मलेल्यांना तेथे वर्षानुवर्षे तिष्ठावे लागते, आणि तेथेही जोडीदाराच्या जन्मदेशाचा हाच नियम लागू होतो. तेव्हा 'हिचा जन्म कुठला?' हा प्रश्न इतक्यात थांबेल, अशी आशा आम्ही बाळगत नाही.

हा नियम मुळात केला गेला तो पती एका देशाच्या रांगेत आणि पत्नी दुसऱ्या देशाच्या रांगेत अडकून दोघांची ताटातूट होऊ नये म्हणून. म्हणजे आधी विवाह, मग त्या विवाहाच्या रक्षणासाठी नियम. आम्ही मात्र ते उलटे केले. आधी नियम पाहावयाचा, मग त्यात बसेल असा विवाह शोधावयाचा! परक्या देशाच्या सरकारला आमच्या संसाराची चिंता वाटावी आणि आम्हांला वाटू नये, हे कशाचे लक्षण आहे?

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात एक वरपिता आमच्याकडे आले. मुलीचा जन्म आणि स्नानसंस्कार कुवेतमधले. शाळेत जाण्यापूर्वीच ती आईवडिलांसह मावळात परतली होती. अर्जाची मुदत नोव्हेंबरात संपत होती. "फादर, विवाहघोषणा आणि शिबिर यांतून सूट द्या, महिन्याच्या आत लग्न लावून टाका," असा त्यांचा आग्रह. आम्ही मुलीला एकटीला बोलावून विचारले, "बाळ, तुझी इच्छा काय?" ती म्हणाली, "फादर, नंबर लागला नाही तर ते मला ठेवतील का, एवढे तुम्ही त्यांना विचारा." आम्ही सूट दिली नाही. ते लग्न झाले नाही, आणि त्याबद्दल आम्हांवर रोष झाला. तो आम्ही आजही आनंदाने सोसतो.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १०५५ वे कलम विवाहाला संपूर्ण जीवनाची भागीदारी मानते. १०६६ वे कलम सांगते की, विवाहाच्या आड काही येत नाही, याची खात्री झाल्याखेरीज तो लावता येत नाही. विवाहघोषणा आणि चौकशी त्यासाठीच असतात. ती कार्यालयीन कटकट नव्हे. आणि भविष्यातील एखाद्या गोष्टीची अट घालून केलेला विवाह वैध ठरत नाही, असे १००२ नव्हे, तर ११०२ वे कलम निःसंदिग्धपणे बजावते. 'व्हिसा आला तर नांदवू' ही अट मनात धरून वेदीसमोर उभे राहणाऱ्यांनी आपण कोणता शब्द देत आहोत, याचा विचार करावा.

कोणी म्हणतील, हुंड्यापेक्षा हे बरे, मुलीच्या बापाला पैसा तरी द्यावा लागत नाही. आम्ही म्हणतो, हाही हुंडाच. सोन्याच्या जागी जन्मदाखला आला, इतकेच. आणि सोने निदान हाती पडते. २०२५ च्या व्हिसांसाठीच्या सोडतीत कुटुंबीय धरून जवळपास दोन कोटी नावे आली होती, आणि निवडली गेली सुमारे १ लाख ३१ हजार. निवड झालेल्यांपैकीही सर्वांना व्हिसा मिळत नाही. इतक्या क्षीण आशेवर एका मुलीचे आयुष्य लावावयाचे, याला जुगार नाही तर काय म्हणावे?

आम्ही स्थलांतराच्या विरुद्ध नाही. पवित्र कुटुंबालाही इजिप्तमध्ये आसरा घ्यावा लागला होता, आणि पोप बारावे पायस यांनी १९५२ मध्ये स्थलांतरितांच्या सेवेविषयी जे पत्रक काढले, ते त्याच कुटुंबाचे स्मरण करून. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली, तिच्या मागोमाग लोणावळ्यात दूरदूरची माणसे पोटासाठी आली. आमच्या बाकांवर बसणाऱ्या कित्येकांचे आजे-पणजे असेच आलेले आहेत. ज्यांचा विवाह प्रेमाने, विश्वासाने झाला आहे, त्यांनी जोडीदाराच्या जन्मदेशाचा लाभ जरूर घ्यावा. तो त्यांचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्यांची कागदपत्रे आम्ही स्वतः तपासून देऊ.

आमची विनंती पालकांना आहे. मुलगी पाहावयास जाल, तेव्हा तिचा जन्म कोठे झाला हे विचारू नका. तिला कोठे, कोणाबरोबर आणि कसे जगावयाचे आहे, ते विचारा. उत्तर ऐकण्याचे धैर्य नसेल, तर त्या घराचा उंबरठा ओलांडू नका.