यंत्र आले, वाचन आले काय?

गावच्या शाळेत संगणक येतो तेव्हा नारळ फुटतो, फीत कापली जाते, छायाचित्र निघते आणि दात्यांचे समाधान होते. वर्षभरानंतर त्या शाळेतील तिसरीचे मूल मातृभाषेतील एखादा परिच्छेद न अडखळता वाचते काय, हे पाहण्यास मात्र सहसा कोणी परत फिरकत नाही.

पोशीर ज्या कर्जत तालुक्यात वसले आहे, त्याच तालुक्यातील खैरात येथे २००७ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. शाळा एकशिक्षकी, मुले अवघी बावीस. मुलांच्या उत्साहाचे कौतुक झाले आणि ते स्वाभाविकही होते. परंतु उत्साह म्हणजे साक्षरता नव्हे. शेजारच्या लॅपटॉप नसलेल्या शाळांशी तुलना केल्याविना एका शाळेवरून निष्कर्ष काढता येत नाही. अशी तुलना पेरू देशातील ३१९ ग्रामीण शाळांत झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लॅपटॉप मिळालेल्या मुलांची भाषा वा गणित सुधारल्याचे आढळले नाही.

मग यंत्र निरुपयोगी म्हणावे काय? तसेही नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या इंग्रजी शिकवण्याच्या उपक्रमाची महाराष्ट्रात शास्त्रशुद्ध पाहणी झाली. त्यात चित्रावर टोचताच शब्द उच्चारणारे यंत्रही होते आणि शिक्षकाने घ्यावयाचे खेळही. मुलांचे इंग्रजी सुधारले. पण मुळात हुशार मुलांना आपल्या गतीने चालणाऱ्या यंत्राचा लाभ अधिक झाला, तर मागे पडलेल्यांना शिक्षकाने घेतलेल्या उपक्रमांचा. यंत्र पुढच्याला आणखी पुढे नेते; मागच्याचा हात धरण्यास माणूसच लागतो.

पोशीर परिसराच्या दृष्टीने हा भेद कळीचा आहे. ठाकर व कातकरी वाड्यांतील मूल घरी आपली बोली बोलते. पडद्यावरचा आवाज मात्र पुस्तकी मराठीचा असतो. हे अंतर सांधतो तो शिक्षक. शिवाय अनेक कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात. मार्चमध्ये केवळ वर्गात उपस्थित असलेल्यांची परीक्षा घेतली, तर निकाल उजळ दिसेल; कारण सर्वांत वंचित मूल त्या हिशेबातून आधीच गळालेले असेल.

म्हणूनच मूल्यमापन यंत्र येण्यापूर्वी सुरू झाले पाहिजे. जूनमध्ये प्रत्येक मुलाकडून एकेकट्याने मोठ्याने वाचून घ्यावे, नोंद ठेवावी, तुलनेसाठी यंत्र नसलेल्या शाळा निवडाव्यात, वर्षअखेरीस पुन्हा वाचून घ्यावे आणि स्थलांतरित मुलांना परतल्यावर गाठावे. तेवढ्याच पैशात गोष्टींची पुस्तके व एक सहायक शिक्षिका मिळाली असती काय, हेही तपासावे.

‘असर’च्या २०२४च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी केवळ २३.४ टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकली. हे आकडे संगणकांच्या संख्येने बदलणार नाहीत. दान देणाऱ्या मंडळांनी आणि सजग कार्यकर्त्यांनी उद्घाटनाला अवश्य जावे. पण खरा कार्यक्रम वर्षभरानंतरचा. त्या दिवशी पोशीरच्या शाळेत पाहुणा म्हणून शेवटच्या बाकावरच्या मुलाशेजारी बसावे आणि त्याच्या हाती पुस्तक द्यावे. योजनेचा निकाल तेच मूल वाचून दाखवील.