पाच तास की तेरा मिनिटे?

पहिल्या वर्षाच्या वर्गात मी दरवर्षी एक गणित घालतो. तुम्हीही ते करून पाहा.

पायडल मारून चालवायची एक लहान पाणबुडी आहे. अशा पाणबुड्यांच्या शर्यती अमेरिकेत १९८९ पासून होत आल्या आहेत. पाणबुडी आतून पाण्याने भरलेली असते आणि चालक तोंडात नळी धरून सिलिंडरमधील हवा घेतो. सिलिंडर १२ लिटरचा, आतील दाब वातावरणाच्या २०० पट. माणसाला मिनिटाला ८ लिटर हवा लागते. तर हवा किती वेळ पुरेल?

बॉईलचा नियम लावला की २४०० लिटर हवा मिळते. तिला ८ ने भागले की ३०० मिनिटे, म्हणजे पाच तास. बहुतेक वह्यांत हेच उत्तर असते. गुणाकार-भागाकार बिनचूक, पण या उत्तरावर विसंबून कोणी पाण्यात उतरला, तर तो जिवाला मुकेल.

असे का? ८ लिटर हा स्वस्थ बसलेल्या माणसाचा आकडा आहे. जोराने पायडल मारणाऱ्याला ६० लिटर सहज लागतात. झाली ४० मिनिटे. आता तो १० मीटर खोल आहे असे समजा. तेथे दाब दुप्पट, म्हणून त्याच आकारमानाच्या श्वासाला सिलिंडरमधील दुप्पट हवा खर्च होते. उरली २० मिनिटे. वर येण्यासाठी आणि अडचणीसाठी एक तृतीयांश हवा राखून ठेवली, की हाती राहतात अवघी १३ मिनिटे!

मग श्वास कमी घेऊन हवा वाचवावी का? नाही. श्वासाची गती मुख्यतः रक्तातील कार्बन डायॉक्साइडवर ठरते. तो साचला की डोके दुखते, विचार गोंधळतो; आणि गोंधळलेला चालक वर येण्याचेच विसरेल.

अमेरिकन यादवी युद्धातील 'हन्ली' ही पाणबुडी माणसे हाताने दांडा फिरवून चालवीत. ती बंद असे. आतील हवा हाच साठा. विल्यम अलेक्झांडर यांनी १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींनुसार, ही हवा किती पुरते हे पाहण्यासाठी ते सहकाऱ्यांसह तळाशी जाऊन बसले. २५ मिनिटांत मेणबत्ती विझली. माणसांनी मात्र २ तास ३५ मिनिटे तग धरला. त्यांनी प्रयोग केला, हे त्यांचे मोठेपण. आणि तो नुसते बसून राहिलेल्या नव्हे, तर दांडा फिरवणाऱ्या माणसांचा प्रयोग होता. म्हणूनच दांडा फिरवणाऱ्यांना तो आकडा लागू पडावा.

माझी तक्रार आपल्या गणितांविषयी आहे. त्यांत सगळे आकडे आयते दिलेले असतात. 'माणूस आठ लिटर हवा घेतो' असे छापले, की कोणता माणूस, काय करणारा, कोठे असलेला, हे कोणी विचारीतच नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे, की अधूनमधून एखादा आकडा मुद्दाम देऊ नका. तो मुलांना शोधू द्या. उत्तराइतकेच गुण गृहीतकांनाही द्या.

आणि तुम्ही आजच एक करा. स्वस्थ बसून मिनिटाला किती श्वास होतात ते मोजा. मग चार जिने धावत चढा आणि पुन्हा मोजा. प्रत्येक श्वासही आता खोल झालेला तुम्हांला जाणवेल. पाच तासांची तेरा मिनिटे कशी होतात, हे मग सांगावे लागणार नाही.