कुसळ आणि मुसळ

मराठी भाषेने गवतावर एकंदरीत अन्यायच केला आहे. कुणाला तुच्छ मानायचे तर आपण त्याला तृणवत् लेखतो. अंगणाकडे लक्ष दिले नाही की 'गवत माजले' म्हणतो. दुसऱ्याच्या डोळ्यात शोधायचे तेही कुसळच. तरीही गणपतीला दूर्वा लागतात, श्राद्धाला दर्भ लागतो आणि वैशाखात माठातल्या पाण्याला वाळा हवाच असतो. म्हणजे देव, पितर आणि तहान एवढ्यांपुरते गवत चालते. दारात मात्र चालत नाही. दारात हवे ते लॉन.

आमचे भांडण या लॉनशी आहे. पुरंदर, दौंड, बारामती या पट्ट्यात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथल्या माळावर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते त्याच पावसावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आली. आता त्याच माळावर बंगल्यांची वसाहत उभी राहते. आधी यंत्राने सगळा माळ खरवडला जातो, मग ट्रकमधून तांबडी माती येते, मग गुंडाळी करून आणलेले परदेशी नावाचे लॉन अंथरले जाते आणि एप्रिलपासून त्याच्यासाठी टँकर लागतो. गवत उपटून गवत लावण्याच्या या व्यवहाराला 'सौंदर्यीकरण' म्हणतात. (हा शब्द ज्याने घडवला त्याला सौंदर्याशी काही कर्तव्य नसावे.) पलीकडच्या वाडीत बायका त्याच महिन्यांत हंडे घेऊन उभ्या असतात, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

'हिरवळ' हा मुळात पावसाळ्याचा शब्द. लॉनने ती बारमाही केली आणि आपल्याला ऋतू पाहण्याची सवयच उरली नाही. कुसळीचे बेट आषाढात पोपटी असते, भाद्रपदात कमरेपर्यंत येते, दिवाळीनंतर त्याला तांबूस, गंजल्यासारखा रंग चढतो आणि सकाळच्या तिरप्या उन्हात ते पेटल्यासारखे दिसते. मुनिया त्याच्या बियांवर येतात. बी गळाले की त्याचे कुसळ ओलाव्याने पिळवटते, सुटते, आणि बी स्वतःच जमिनीत रुजवून घेते. एवढे नाट्य दारात फुकट घडत असताना आपण दर आठवड्याला यंत्राने कापलेल्या एकसुरी गालिच्याकडे पाहत बसतो.

आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. कुसळे टोचतात. खरे आहे, कपड्यांत घुसतात आणि जनावरांनाही इजा करतात. म्हणून पायवाटेलगत कुसळी लावूच नये, तिथे मारवेल लावावे. फाल्गुनात वाळलेले गवत पेट घेईल, हीही भीती रास्त आहे. त्यावर उपाय जुनाच आहे : बी गळून गेले की पौषाच्या सुमारास विळ्याने कापावे. काश दिसायला देखणा, पण जमिनीखालून पसरतो. दोन गुंठ्यांच्या आवारात त्याच्या मोहात पडू नये. सापांचे म्हणाल, तर ते लॉनच्या कडेला ठेवलेल्या दगडांतही असतात.

लागवड कठीण नाही. मृगाच्या पावसावर मारवेलचे ठोंब फोडून हातभर अंतराने लावावेत आणि पहिले वर्ष तण काढावे, बस्स. मिळवणे मात्र कठीण. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलचे वाण विकसित केले ते चाऱ्यासाठी, आणि चारा म्हटले की बागवाला नाक मुरडतो. शोभेचे गवत मागितले तर रोपवाटिकेत आफ्रिकेतले 'फाउंटन ग्रास' पुढे करतात, ज्याने हवाई बेटांवर मोकाट पसरून वणव्यांना खाद्य पुरवले आहे. स्थानिक गवत मागा, माळी आधी हसतो, मग म्हणतो, "ते काय विकायचं साहेब? ते तर उगवतंच."

उगवतेच. येत्या ज्येष्ठात आवाराचा एक कोपरा खरवडायचा राहू द्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.