उन्हाळा छतावरच अडवा

विदर्भ-मराठवाड्यात वैशाखाचा पारा पंचेचाळीस अंशांकडे झेपावू लागला की मध्यमवर्गीय घरांत वातानुकूलन यंत्राच्या खरेदीची चर्चा सुरू होते. घर मुळात एवढे तापते कशामुळे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. काँक्रीटची उघडी स्लॅब दिवसभर उष्णता शोषून घेते आणि सूर्यास्तानंतर कित्येक तास तीच खाली सोडत राहते. मग यंत्र येते, वीजवापर वाढतो आणि महाराष्ट्रातील घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढणारे असल्यामुळे देयकाचा आकडा वापरापेक्षाही वेगाने फुगतो.

मराठवाड्यातील माळवदाची घरे याच उन्हात उभी होती. तुळयांवर काटक्या वा फळ्या, त्यांवर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर! ऊष्मारोधन हा शब्द त्या गवंड्यांना ठाऊक नव्हता, विद्या ठाऊक होती. अर्थात १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या याच जड घरांनी हजारो माणसे गाडली, हे विसरून मातीच्या छताचे गोडवे गाणे भाबडेपणाचे ठरेल. काँक्रीट हवेच होते. त्यासोबत पूर्वजांचे शहाणपणही मोडीत काढण्याचे मात्र काही कारण नव्हते.

उपाय महागडे नाहीत. गच्चीवर चुन्याचा पांढरा थर दिला तरी बरेचसे ऊन परतवले जाते. धुळीने तो मळतो, म्हणून दरवर्षी उन्हाळ्याआधी नवा द्यावा लागतो. आधी गळती बंद करून मग विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले, तर काम अनेक वर्षे टिकते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१८ च्या इको निवास संहितेने नव्या निवासी इमारतींच्या छतातून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छतांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

अडचण तंत्राची नाही, मनोवृत्तीची आहे. गृहनिर्माण संस्थेत गच्ची सर्वांची असते, तिची धग मात्र सर्वात वरच्या मजल्यावरील कुटुंबाने सोसायची! खर्चाचा विषय निघाला की खालच्या मजल्यांवरील सभासदांना वार्षिक सभेत अचानक काटकसर आठवते. याच सभेत प्रवेशद्वाराच्या रोषणाईचा ठराव एकमताने संमत होतो, हे विशेष. ‘आपली गच्ची’ आणि ‘त्यांचा उकाडा’ अशी वाटणी करणाऱ्यांनी समरसतेवरची व्याख्याने कितीही ऐकली तरी काय उपयोग?

आणि ज्यांच्या डोक्यावर स्लॅबही नाही, त्यांचे काय? सेवावस्तीतील पत्र्याच्या खोलीत दुपारी तान्हे मूल झोपवणाऱ्या मातेला वातानुकूलनाचा पर्यायच नसतो. संघशताब्दीच्या निमित्ताने मांडल्या गेलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण आणि सामाजिक समरसता हे दोन्ही विषय आहेत. शाखांनी फाल्गुनातच आपल्या परिसरातील वस्त्यांची पाहणी करावी, पत्रे पांढरे करण्यासाठी रंग आणि कुंचले जमवावेत. चैत्राचे ऊन चढण्यापूर्वी दोन-तीन रविवारी सकाळी हे काम होऊ शकते.