नोंदवहीबाहेरची माणसे

नेवाडाच्या वाळवंटी डोंगरांतील खाणींचे साहित्य शिकवताना मार्क ट्वेनपासून आरंभ करावा आणि ट्वेनपाशीच थांबावे, हा प्रघात आम्हांला अपुरा वाटतो.

१८५९ मध्ये तेथे 'कॉमस्टॉक' ही चांदीची प्रसिद्ध शीर उघडकीस आली आणि 'खाणजिल्हे' उभे राहू लागले. हे जिल्हे कलेक्टर कचेरीचे नव्हेत. खाणकरी एकत्र जमत, हद्द आखत, नियम करीत आणि आपल्यातूनच नोंदणीदार निवडीत. वहीत दावा चढला की हक्क सिद्ध! गोल्ड हिलची वही मद्यगृहातल्या फळीवर पडलेली असे आणि गैरसोयीच्या हद्दी लोक परस्पर दुरुस्त करीत, असे डॅन डी क्विलने 'द बिग बोनान्झा' (१८७६) मध्ये नमूद केले आहे. पाठभेदांच्या अभ्यासकांना हेवा वाटावा अशी ही संहिता.

या कागदी श्रीमंतीचा खरा मर्मज्ञ ट्वेन. हम्बोल्ट आणि एस्मेराल्डा येथे नशीब अजमावून हात पोळल्यावर तो १८६२ मध्ये व्हर्जिनिया सिटीच्या 'टेरिटोरियल एंटरप्राइज'मध्ये बातमीदार झाला; 'मार्क ट्वेन' ही सही त्याने तेथेच १८६३ मध्ये प्रथम केली. खाणीविषयी चार बरे शब्द छापून यावेत म्हणून बातमीदाराला तिचे काही 'फूट' कसे भेट मिळत, हे 'रफिंग इट' (१८७२) मध्ये त्याने फार मिस्कीलपणे सांगितले आहे. मात्र त्याच पुस्तकात गोशूट या आदिवासींविषयी जे लिहिले आहे, त्यात विनोद उरत नाही; निव्वळ तुच्छता उरते. दावे खोटे कसे असतात हे जाणणाऱ्या लेखकाला, दावा नेमका कोणाच्या भूमीवर, हा प्रश्न पडत नाही.

तो प्रश्न सारा विनेमका या पायूट स्त्रीच्या 'लाइफ अमंग द पायूट्स' (१८८३) या आत्मकथनात आहे. गोरे येत आहेत या भयाने आईने तिला लहानपणी मातीत गळ्यापर्यंत पुरून वर झुडपांची सावली केली होती, हा प्रसंग एकदा वाचला की 'रफिंग इट' पूर्वीसारखे वाचता येत नाही. पायूटांचे हिवाळ्याचे अन्न म्हणजे पिन्यॉन पाइनच्या, आपल्या चिलगोज्याच्या जातकुळीतल्या, बिया. आणि खाणींच्या भोवतालची तीच झाडे सरपणासाठी व कोळशासाठी तोडली गेली. नोंदवहीत झाडांचा रकाना नव्हता. दलित आत्मकथने वाचून ज्याची नजर घडली आहे, त्या मराठी विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: साराच्या पुस्तकावर मेरी मान या संपादिकेचा हात फिरला आहे, तेव्हा तो आवाज कितपत तिचा? आक्षेप रास्त आहे, त्याची चर्चा वर्गात अवश्य व्हावी. पण मद्यगृहात खाडाखोड झालेली वही मालकीचा पुरावा म्हणून पुढे केली जात होती, हेही त्याच तासाला सांगावे. प्रामाण्याची ही सारी कसोटी एकट्या सारालाच का, याचे समाधानकारक उत्तर आक्षेपकांनी अद्याप आम्हांला दिलेले नाही.