प्रोग्रॅमरांचा त्रागा आणि आपली अक्षरे

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात एक विशिष्ट त्रागा असतो. आपल्याला वापराव्या लागणाऱ्या आज्ञाभाषा सदोष आहेत आणि कोणाच्या तरी घाईची किंमत आपण रोज मोजतो आहोत, असे ते वारंवार सांगतात. साहित्याचे अभ्यासक या तक्रारीकडे कारागिराने हत्याराला दिलेला दोष म्हणून पाहतात आणि पुढे जातात. माझे म्हणणे असे, की हा त्रागा एका जिवंत समीक्षेचा भाग आहे आणि भारतीय भाषांच्या अभ्यासकांना ती समीक्षा परकी राहिलेली नाही.

या निष्कर्षाला कारण झालेला प्रसंग साधा आहे. येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून आल्यावर अभंगरचनेवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे टिपण माझ्याकडे आले. मोठ्या अभंगाचे गणित आपल्याला ठाऊक आहे : सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा. संतांच्या रचनेत हे गणित कोठे सैल होते, हे तिला शेकडो अभंगांतून तपासायचे होते. मोजणीसाठी तिने एका प्रोग्रॅमर मित्राची मदत घेतली. त्याच्या प्रोग्रॅमने जवळजवळ प्रत्येक चरण छंदोभंगाचा ठरवला. मित्र निष्णात होता. त्याने आपली चूक शोधण्यात दोन रात्री घालवल्या आणि शेवटी वैतागून म्हणाला, ‘‘सर, चूक माझी नाही. या भाषेला अक्षर म्हणजे काय तेच ठाऊक नाही.’’

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द घ्या. छंदःशास्त्राच्या दृष्टीने त्यात चार अक्षरे आहेत : ज्ञा, ने, श्व, री. युनिकोडच्या व्यवस्थेत मात्र प्रत्येक व्यंजन, प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक हलन्ताचे चिन्ह यांना स्वतंत्र क्रमांक असतो. त्यामुळे पायथन या भाषेच्या आजच्या आवृत्तीला शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर येते अकरा. तोच शब्द जुन्या पद्धतीने बाइटांत साठवून विचारला, तर उत्तर येते तेहेतीस. चार, अकरा आणि तेहेतीस ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. दोष असा, की भाषा ‘लांबी’ हा एकच शब्द वापरते आणि कशाची लांबी ते सांगत नाही. संदिग्ध परिभाषा वापरणाऱ्या समीक्षकाला आपण जे सुनावतो, तेच तो तरुण आपल्या भाषेला सुनावत होता.

या समीक्षेला परंपरा आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ साली एका पत्रातून ‘गो टू’ या आज्ञेवर हल्ला चढवला. प्रोग्रॅममध्ये कोठूनही कोठेही उडी मारण्याची मोकळीक मिळाली, की वाचणाऱ्याला विचाराचा धागा धरता येत नाही, हे त्यांच्या युक्तिवादाचे सार. वाचकाच्या बाजूने केलेली ही टीका होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी ‘काहीच नाही’ असे दर्शवणाऱ्या शून्य संदर्भाची योजना केली. ती अमलात आणणे सोपे होते, म्हणून मोह आवरला नाही, असे त्यांनी पुढे सांगितले आणि २००९ साली लंडनमधील एका परिषदेत तिला स्वतःची अब्जावधी डॉलरची चूक म्हटले. आपल्या कृतीविषयी इतकी निखळ कबुली देणारे साहित्यिक विरळाच आढळतील.

परंतु मला सर्वांत बोधप्रद वाटते ती ‘मेक’ या प्रोग्रॅमची कथा. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो १९७६ साली रचला. त्यात आज्ञेच्या ओळीपूर्वी टॅबचे चिन्ह हवे. नुसत्या मोकळ्या जागा चालत नाहीत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते, म्हणून चूक सापडत नाही. हा नियम गैरसोयीचा असल्याचे फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आले. पण तोवर डझनभर लोक, बहुतेक मित्रच, तो प्रोग्रॅम वापरू लागले होते आणि त्यांची अडचण होऊ नये म्हणून नियम तसाच राहिला. बारा जणांच्या सोयीसाठी राखलेला तो नियम पुढे जगभरातील प्रोग्रॅमरांच्या वाट्याला आला.

हस्तलिखितांशी परिचय असलेल्यांना ही कथा ओळखीची वाटेल. एका लेखनिकाच्या हातून अपपाठ शिरतो, त्याच्या प्रतीवरून दहा प्रती होतात आणि प्रत्येक लेखनिक जसे पाहिले तसे लिहिले, दोष माझा नव्हे, असे शेवटी नमूद करून मोकळा होतो. तरीही एक भेद महत्त्वाचा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेल्या आणि १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांना अपपाठ तळटीपेत उतरवता आला. त्यामुळे मुख्य संहिता कोसळली नाही. प्रोग्रॅममध्ये त्या अपपाठावरच पुढच्या मजल्यांचा भार असतो. पायथनच्या कर्त्यांनी २००८ साली मजकूर आणि बाइट यांतील गोंधळ मिटवणारी नवी आवृत्ती काढली. जुन्या मालिकेचा अधिकृत आधार मात्र २०२० सालीच संपवता आला. एका शुद्धिपत्रासाठी अकरा-बारा वर्षे दोन पाठ शेजारी शेजारी नांदले.

यावर एक आक्षेप संभवतो. भाषा म्हटली की अपवाद आणि विसंगती आल्याच. खुर्ची स्त्रीलिंगी, टेबल नपुंसकलिंगी आणि फळा पुल्लिंगी का, असे आपण मराठीला विचारत नाही. मग आज्ञाभाषेलाच का धारेवर धरावे? उत्तर असे, की मराठी कोणी एका बैठकीत रचलेली नाही. तिच्या विसंगतींमागे बोलणाऱ्यांचा शतकांचा व्यवहार आहे आणि ऐकणारा माणूस त्या समजून घेतो. आज्ञाभाषा ही रचलेली वस्तू आहे. तिच्यातील प्रत्येक विसंगती हा कोणाचा तरी निर्णय असतो आणि समोरचे यंत्र समजूतदारपणा दाखवत नाही. निर्णय असेल तेथे उत्तरदायित्व असते. ते मागणे हा समीक्षेचा हक्क आहे.

आपल्या भाषांचा संबंध येथे येतो. युनिकोडच्या आरंभी अशी समजूत होती, की सोळा बिटांत मावणारी ६५,५३६ स्थाने जगातील लिप्यांना पुरतील. जावा आणि जावास्क्रिप्ट या भाषांनी आपला पाया त्या समजुतीवर घातला. १९९६ साली युनिकोडची मर्यादा अकरा लाखांवर गेली. पाया मात्र तसाच राहिला. २०१४ साली मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ते या जुन्या कुंपणाबाहेर. परिणामी या भाषा मोडीच्या प्रत्येक चिन्हाची लांबी दोन मोजतात. ‘ज्ञानेश्वरी’ मोडीत लिहिली, की अकराची बावीस होते. पेशवे दप्तरातील कोट्यवधी कागद ज्या लिपीत आहेत, तिच्या नशिबी हे दुहेरी मोजमाप आले, ते कोणाच्या दुष्टाव्यामुळे नव्हे. ज्या खोलीत निर्णय झाला, त्या खोलीत तिची आठवण कोणाला झाली नाही, एवढेच.

जोडाक्षरांची कथाही तशीच. वाचकाला एक वाटणारे अक्षर कोठे संपते, याचे नियम युनिकोडने केले होते. पण हलन्तापाशी ते अक्षर तोडत. त्या नियमांनी ‘ज्ञानेश्वरी’त सहा घटक निघत. २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नियम बदलला, तेव्हा कोठे उत्तर चारावर आले. अनुक्रमाचेही तेच. क्रमांकांप्रमाणे शब्द लावले, तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसतो आणि ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात जातो. मराठी मूल शिकते ते ह, ळ, क्ष, ज्ञ या क्रमाने. हा क्रम लावण्याची सोय उपलब्ध आहे. पण ती मुद्दाम मागावी लागते आणि मागायची कोणी, तर ज्याला मराठी वर्णमाला ठाऊक आहे त्याने.

यंत्रासाठी लिपीने वाकावे की लिपीसाठी यंत्राने, हा प्रश्न मराठीला नवा नाही. सावरकरांच्या ‘अ’च्या बाराखडीच्या काळापासून तो चर्चिला गेला आहे. तेव्हा वाद निदान उघड्यावर होता आणि साहित्यिक त्यात हिरिरीने उतरत. आज निर्णय आज्ञाभाषेच्या पोटात होतात आणि आपण त्याला तांत्रिक बाब म्हणून नमस्कार करतो. संगणकशास्त्रातील व्याकरणलेखनाच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना १९६७ साली एका संगणकशास्त्रज्ञानेच केली होती, हे आपण परिसंवादांतून अभिमानाने सांगतो. हा अभिमान खरा असेल, तर अक्षराची व्याख्या करण्याचे काम आपल्याकडेच येते.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. संगणकाच्या साहाय्याने केलेल्या प्रत्येक प्रबंधात मोजणीचे एकक काय होते, कोणत्या भाषेत व तिच्या कोणत्या आवृत्तीत मोजले, हे पाठचिकित्सेतील प्रतींच्या वर्णनाइतक्याच काळजीने नोंदवले जावे. आणि आपल्या विभागांनी या प्रोग्रॅमरांना केवळ मदतनीस म्हणून न बोलावता चर्चेत बसवावे. त्यांच्या त्राग्यात आपल्याला हवी असलेली माहिती असते. त्यांना हवी असलेली व्याख्या आपल्यापाशी असते.

त्या विद्यार्थिनीने अखेर अक्षराची व्याख्या स्वतः लिहून काढली. व्यंजनसमूह, स्वर, अनुस्वार, विसर्ग असे तिने एकेक सांगत जावे आणि मित्राने त्याचा नियम करावा, असे काम चालले. दोघांना तीन आठवडे लागले. नंतरच्या मोजणीत बहुसंख्य चरण सहाचे सहा निघाले आणि जे उरले, ते खरोखरच सैल होते. तिचा प्रबंध त्या उरलेल्या चरणांवर आहे.