कर्सर लपवावा कीं न लपवावा ?

ज्या पडद्यावर चित्रें नाहींत, केवळ अक्षरांच्या ओळी उमटतात, अशा पडद्यापुढें आमचे वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी हल्लीं बसूं लागले आहेत. ह्यास कन्सोल म्हणतात. तेथें जी लहानशी रेघ किंवा चौकट लुकलुकत असते, ती कर्सर होय. लॅटिन भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ ‘धांवणारा’ असा आहे. स्लाइड-रूलवरील सरकत्या कांचेसहि पूर्वींपासून हेंच नांव आहे. पुढचें अक्षर कोठें पडेल हें कर्सर सांगतो.

परंतु विद्यार्थ्यानें एखादा खेळ रचला, म्हणजे हा धांवणारा पडद्यावर जिकडेतिकडे चमकूं लागतो व डोळ्यांस त्रास होतो. तेव्हां त्यास लपवावें, हें योग्यच आहे. सोयहि जुनी आहे. १९८३ सालीं निघालेल्या व्ही. टी. २२० ह्या टर्मिनलास एस्केप, डावा चौकोनी कंस, प्रश्नचिन्ह, २५ व इंग्रजी लहान ‘एल्’ एवढें पाठविलें कीं कर्सर अदृश्य होई. ‘एल्’ऐवजीं ‘एच्’ पाठविला कीं पुन्हां प्रकट होई. लिनक्सचा कन्सोल आजहि हीच खूण ओळखतो. ‘टीपुट सिव्हिस’ व ‘टीपुट सीनॉर्म’ ह्या आज्ञांनींहि तेंच काम होतें.

आमची तक्रार लपविण्याबद्दल नाहीं, परत न आणण्याबद्दल आहे. कर्सर लपला ही स्थिति प्रोग्रामची नसून टर्मिनलची असते. प्रोग्राम संपला तरी ती तशीच राहते. मध्येंच कोणीं कंट्रोल-सी दाबलें, तर शेवटची ओळ चालतच नाहीं. मग पुढें बसणारा बिचारा यंत्र बिघडलें असें समजून शिक्षकांकडे धांवतो ! म्हणून लपविण्याच्या आधींच परत आणण्याची तजवीज लिहावी. शेलमध्यें ‘ट्रॅप’ ह्या आज्ञेनें ती होते. प्रोग्राम सक्तीनें मारला गेल्यास मात्र ‘ट्रॅप’हि निरुपयोगी; तेव्हां न दिसतां ‘टीपुट सीनॉर्म’ लिहून एंटर दाबणें हाच उपाय.

ह्याहून गंभीर गोष्ट पालकांनींहि ध्यानांत घ्यावी. दृष्टिहीन मनुष्य कन्सोल वापरतो तो ब्रेल पट्टीवर बोटें ठेवून. लिनक्सवरील बी. आर. एल्. टी. टी. वाय्. हा प्रोग्राम कर्सर जेथें असेल तेथील मजकूर त्या पट्टीवर आणतो. आतां आमचा हुशार विद्यार्थी काय करितो ? कर्सर लपवितो, निवडलेली ओळ रंगानें उजळवितो, आणि खरा कर्सर पडद्याच्या कोपऱ्यांत टाकून देतो. डोळसांस सारें छान दिसतें. त्या वाचकाचीं बोटें मात्र कोपऱ्यांतच अडकून पडतात. लपविलेल्या कर्सरासहि जागा असते. तो निवडलेल्या ओळीवर नेऊन ठेवण्यास एका ओळीची मेहनत पुरते. ती न घेणाऱ्याचा खेळ कितीहि सुंदर असो, आम्ही तो पुरा झालेला मानणार नाहीं.